सांगावा आमचा, खुर्ची कुणाची?

दोस्तांनो, टेलिफोनचा इतिहास जिथं जिथं लिहिला गेलाय तिथं तो यंत्रांचा आणि साहेबांचा इतिहास आहे. १८७६ साली ग्रॅहम बेलनं पेटंट घेतलं. २८ जानेवारी १८८२ ला मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला एक्स्चेंज उघडली. पुढं अमक्या साली अमक्या मंत्र्यानं बटण दाबलं. या सगळ्यात एक माणूस गाळलेला असतो. दोघांच्या बोलण्याच्या मधोमध बसलेला माणूस. ऑपरेटर.

तुमच्यातल्या बहुतेकांनी ऑपरेटर पाहिलेला नाही. तुम्ही खिशातनं मोबाईल काढता, नाव दाबता आणि बोलता. शंभर वर्षं हे असं नव्हतं. फोन उचलला की आधी एक अनोळखी आवाज यायचा, 'नंबर प्लीज'. त्याला नंबर सांगायचा. त्यानं जोडून दिलं तर बोलायचं, नाही दिलं तर बसायचं वाट बघत.

मी त्या खुर्चीवर बसलेला माणूस आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १९७९ साली ड्यूटीवर चढलो. पण नोकरीच्या आठवणी सांगायला मी बसलो नाही. मला एक हिशोब मांडायचाय. दुसऱ्याचा निरोप वाहून न्यायचं काम जोवर फुकटचं, पायपिटीचं आणि हलकं होतं तोवर ते कुणाकडं होतं? आणि तेच काम खुर्चीचं, पगाराचं, पेन्शनचं झालं तेव्हा ते कुणाकडं गेलं? एवढा हिशोब सातारा-सांगलीपुरता जरी नीट मांडला तरी पुष्कळ झालं.

तारेच्या आधीची तार

गावात तार नव्हती तेव्हा तार आम्हीच होतो. माझा आजा तराळ होता. येरळेच्या काठच्या आमच्या गावात महारवाड्यातल्या घरांना पाळीपाळीनं तराळकी यायची. ज्याची पाळी तो चावडीपुढं हजर. पाटलाचा निरोप, कुलकर्ण्याचं दप्तर, सरकारी टपाल, तालुक्याला भरायचा वसूल, सगळं त्याच्या पायावर. गावात मयत झालं की पाहुण्यांच्या गावोगाव सांगावा घेऊन जायचं. रात्र असो, येरळेला पूर असो, अंगात ताप असो. पोचलं की वेशीपाशी किंवा अंगणाच्या कडेला उभं राहायचं, लांबनं हाळी द्यायची, 'आवं, तुमची आत्या गेली, माती दुपारला हाय'. मग कुणीतरी वरनं भाकरी टाकायचं. ती धोतराच्या सोग्यात घ्यायची आणि पुढच्या गावाला लागायचं.

मजा बघा. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या तोंडचा शब्द मात्र चालायचा. त्याच्या शब्दावर माणसं रडायची, गाड्या जुंपायची, मातीला निघायची. निरोप शुद्ध आणि निरोप आणणारा अशुद्ध. गावगाड्याचं हे गणित मी नोकरीला लागेपर्यंत मला कधी सुटलं नव्हतं.

आपल्या भागातल्या एका माणसानं हे लिहून ठेवलंय. आटपाडीचे शंकरराव खरात. त्यांच्या एका कथासंग्रहाचं नावच 'सांगावा' आहे, दुसऱ्याचं 'दौंडी'. १९८१ च्या आत्मचरित्राचं नाव 'तराळ-अंतराळ'. तराळाचा पोरगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ ला जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. पण पुस्तकांना नावं देताना त्यानं बापाच्या कामाचे शब्द घेतले. ते का घेतले, हे ज्याच्या घरात घुंगुरकाठी होती त्याला विचारायला नको.

ही सगळी रीत नुसती गावची नव्हती. तिला कायद्याचा टेकू होता. १८७४ च्या वतन कायद्यानं इंग्रज सरकारनं तिला शिक्का मारला. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. या नोकराला कामाचे तास नाहीत, रात्री-अपरात्री कधीही बोलवा. तो घरी नसला तर त्याच्या बापाला नाही तर पोराला धरून न्या. आणि मोबदला काय, तर वतनाची तुटपुंजी जमीन आणि गावाच्या मर्जीवरचं बलुतं. हे बिल १९२९ ला मागं घ्यावं लागलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, १९५९ साली. म्हणजे स्वातंत्र्य आल्यावरसुद्धा बारा वर्षं आमचा माणूस सरकारी टपाल पायानं वाहत होता.

मसूर स्टेशन, १९०१

निरोप अडला की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच साताऱ्यात घडलंय. तुम्ही 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं असेल. नसेल तर वाचा.

१९०१ साल. दुष्काळ. रामजीबाबा खटाव तालुक्यात गोरेगावला तलावाच्या दुष्काळी कामावर कॅशियर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांनी साताऱ्याहून त्यांच्याकडं जायचं ठरवलं. कोणत्या दिवशी येतोय ते पत्रानं कळवलं. नवे कपडे घालून, भावासोबत आणि बहिणीच्या पोरासोबत दहा वर्षांचा भीमराव रेल्वेनं मसूरला उतरला. न्यायला कुणीच नाही. स्टेशनमास्तरनं चौकशी केली. कपड्यांवरनं, बोलण्यावरनं त्याला ती पोरं ब्राह्मणाची वाटली होती. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? पोरगं खरं बोललं, आम्ही महार. स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. कुठलाही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान शेजारनं चालणार. रात्रभर पाणी नाही. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं तरी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पोरं पोचली.

आणि मग कळलं की पत्र पोचलं होतं. रामजीबाबांच्या नोकराच्या हातात ते पडलं होतं. त्यानं ते पुढं दिलंच नाही.

या गोष्टीतला पाण्याचा भाग आपण सगळे सांगतो. पत्राचा भाग विसरतो. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, मधला माणूस निरोप पुढं देतो की नाही यावर पोरांचा जीव टांगलेला असतो. दुसरी, तोंडावर आणि बोलण्यावर जात लिहिलेली नसते. ती विचारावी लागते. विचारेपर्यंत स्टेशनमास्तर मायेनं बोलत होता. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, टेलिफोनपाशी तिचं काम आहे.

खुर्ची आली

आता तार आली. अमेरिकेत बोस्टनला सुरुवातीला ऑपरेटर म्हणून पोरगे ठेवले होते. ते गिऱ्हाइकाशी उद्धट बोलायचे, दंगा करायचे. म्हणून १ सप्टेंबर १८७८ ला एम्मा नट नावाची पहिली बाई बोर्डावर बसली. तेव्हापासून जगभर हे बायकांचं काम झालं. आवाज गोड आणि पगार कमी, असा मालकांचा दुहेरी फायदा. मुंबईत आधी अँग्लो-इंडियन, पारशी, ख्रिश्चन पोरी या कामाला होत्या. १९४३ ला सरकारनं मुंबईची टेलिफोन कंपनी ताब्यात घेतली. स्वातंत्र्यानंतर शिकलेल्या पांढरपेशा घरातल्या मुली आल्या. काम स्वच्छ, बसून करायचं, सरकारी. त्याला इंग्रजीची दोन वाक्यं आणि 'शुद्ध' बोलणं लागायचं. म्हणजे कुणाचं बोलणं, ते सांगायला नको.

काम असं असायचं. समोर लाकडी बोर्ड, त्यात नंबरांची भोकं. टेबलावर जोडीजोडीनं दोऱ्या, त्यांना आम्ही कॉर्ड म्हणायचो. गावातला गिऱ्हाईक फोनचं हँडल फिरवायचा तसा बोर्डावरचा त्याच्या नंबराचा पडदा खट्कन पडायचा. मोठ्या एक्स्चेंजला पडद्याऐवजी दिवा लागायचा. जोडीतली एक कॉर्ड त्याच्या भोकात खुपसायची, नंबर विचारायचा, दुसरी कॉर्ड हव्या त्या नंबरात, मग बेल द्यायची. बोलणं संपलं की दोन्ही ओढायच्या. बाहेरगावचा फोन म्हणजे ट्रंककॉल. त्याचं तिकीट फाडायचं, त्यावर वेळ लिहायची. आमच्या तालुक्यातनं मुंबई हवी असली तर आधी जिल्ह्याचं एक्स्चेंज, मग पुढचं, मग मुंबई. दर टप्प्यावर एक माणूस. साध्या कॉलला तास-तास लागायचे. अर्जंटला दुप्पट पैसे, लायटनिंगला आठपट. ज्याच्याकडं पैसा त्याचा शब्द आधी. तीन मिनिटं झाली की मधे बोलायचं, 'थ्री मिनिट्स ओव्हर'. कुणाची आई मरणाच्या दारात असली तरी बोलायचं.

तारेचं महत्त्व आपल्या जिल्ह्याला १९४२ साली कळलं. तेव्हा सातारा आणि सांगली एकच जिल्हा होता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याला सांगली नाव पडलं. बेचाळीसच्या चळवळीत पोरांनी पहिल्यांदा तारा तोडल्या. पुढं नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं जवळजवळ १९४६ पर्यंत गोऱ्यांना गावात टिकू दिलं नाही. तार तुटली की सरकार आंधळं-बहिरं होतं हे त्यांनी ओळखलं होतं. पण दोस्तांनो, तार तुटली की सरकारचा निरोप पुन्हा कुणाच्या पायावर यायचा? वतन कायदा जागेवरच होता. तार जोडलेली असो की तुटलेली, तराळाची पाळी चुकत नव्हती. त्या काळाचे पोवाडे गाताना हे कडवं कुणी गात नाही.

रंगभूमीवरचा निरोप्या

सांगली नाट्यपंढरी. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटकाचा जन्म झाला असं म्हणतात. नाटकाला निरोप्या लागतोच. पडद्यामागं युद्ध झालं, राजा मेला, राणी रुसली, हे येऊन सांगणारा कुणीतरी हवा. जुन्या नाटकात दूत होता. आपल्या तमाशाच्या वगात हुजऱ्या होता, शिपाई होता. तमाशा आमच्या लोकांचा, त्यामुळं तिथला निरोप्या नुसता वाकून मुजरा करून जात नव्हता. तो निरोप देता देता राजाची टोपी उडवायचा. गावात जे बोलता येत नव्हतं ते तो बोर्डावर बोलून घ्यायचा.

नाटक दिवाणखान्यात शिरलं तसा दूत गेला आणि कोपऱ्यातल्या तिवईवर टेलिफोन आला. आता बातमी आणायला माणूस आत यायची गरज उरली नाही. घंटा वाजली की नट रिसीव्हर उचलणार, दचकणार आणि खुर्चीत बसणार. फ्रान्सच्या ज्याँ कॉक्तो यानं १९३० ला एक नाटक रंगमंचावर आणलं, त्यात एकटी बाई शेवटपर्यंत टेलिफोनवर बोलते. लाईन मधेमधे तुटते, ती ऑपरेटरला विनवते. ऑपरेटर दिसत नाही, तिचा आवाजही ऐकू येत नाही. पण ती नसती तर नाटकच नसतं. आपल्याकडं १९४९ च्या 'पतंगा' सिनेमात रंगून ते डेहराडून टेलिफोनचं गाणं झालं, सी. रामचंद्र यांच्या चालीचं. ते गावोगाव गाजलं. ज्यांच्या गावात टेलिफोनचा खांब नव्हता तेही ते गात होते.

पण मला सांगायचंय ते १९५९ च्या 'सुजाता'बद्दल. बिमल रॉय यांचा सिनेमा. नूतननं अस्पृश्य पोरीचं काम केलंय. ब्राह्मणाच्या घरात वाढलेली, पण त्या घराची न झालेली. ब्राह्मण तरुणाचं तिच्यावर प्रेम बसतं आणि तो टेलिफोनवरनं तिला गाणं म्हणून दाखवतो. तलत महमूदचा आवाज. ती रिसीव्हर कानाला लावून रडत ऐकते. सिनेमा गांधीवादी आहे. आमची पोरगी चांगली का, तर ती सोशिक, आणि शेवटी तिचं रक्त सवर्ण बाईला चालतं म्हणून ती घरात घ्यायची. हे आपल्याला पटणारं नाही. तरी त्या टेलिफोनच्या प्रसंगात दिग्दर्शकानं एक खरी गोष्ट पकडली. तारेतनं आवाज येतो तेव्हा शिवता येत नाही आणि विटाळही होत नाही. ज्या देशात शिवण्यावर धर्म उभा आहे तिथं न शिवता कानात शिरणारा आवाज ही मोठी भानगड आहे. आणि वर्ष बघा. १९५९. त्याच वर्षी आमची वतनं गेली.

आमचा स्वतःचा सांगावा

त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. ६ डिसेंबर १९५६. दिल्लीत सकाळी बाबासाहेब गेल्याचं कळलं. बातमी दिल्लीहून फोननं आणि तारेनं मुंबईला आली. ती लाईन ज्या ऑपरेटरांनी जोडली असेल त्यांची नावं कुठल्या चरित्रात नाहीत. एक्स्चेंज ते एक्स्चेंज, रेडिओ ते रेडिओ, ती बातमी तालुक्यापर्यंत आली. तालुक्याच्या पुढं तार संपत होती.

पुढचं माझ्या बापानं मला सांगितलंय. आमच्या गावात ती बातमी तालुक्याच्या बाजारातनं परतलेल्या माणसानं आणली. त्या आठवड्याची तराळकी आज्याकडं होती. त्यानं चावडीची परवानगी घेतली नाही. काठी भिंतीला लावली आणि रिकाम्या हातानं निघाला. आजूबाजूच्या पाच गावांच्या वस्त्यांत सांगावा दिला. आयुष्यभर दुसऱ्याच्या मयताचे सांगावे नेले, हा पहिलाच घरचा. कुठल्या वेशीवर थांबला नाही, कुणाची भाकरी सोग्यात घेतली नाही. मागं आला तेव्हा चावडीतनं विचारणा झाली, कुणाला इचारून गेला? तो म्हणाला, 'माझा बाप गेला. सांगावा द्यायला कुणाला इचारू?'

त्या दिवशी महाराष्ट्रातल्या किती तराळांनी हेच केलं असेल. मुंबईला लाखोंचा जनसमुदाय लोटला हे आपण वाचतो. तिथवर निरोप पोचवणाऱ्या पायांबद्दल आपण लिहिलेलं नाही.

आरक्षणाची खुर्ची

आता खुर्चीकडं येऊ. १९४३ ला बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलात असताना केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४६ ला ते प्रमाण १२.५ टक्के झालं आणि १९७० ला १५ टक्के. टेलिफोन आणि पोस्ट ही केंद्राची खाती. त्यात शिपायापासून ऑपरेटरपर्यंत आमची पोरं लागू लागली.

पण इथं एक चाप होता आणि तो तुम्हा पोरांना माहीत असला पाहिजे. बाबासाहेबांबरोबर १९५६ ला ज्यांनी धम्म घेतला त्यांना केंद्राच्या आरक्षणातनं बाहेर काढलेलं होतं. महाराष्ट्र सरकारनं १९६० नंतर नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्रानं दिल्या नाहीत. म्हणजे राज्याच्या ऑफिसात बौद्ध चालायचा. टेलिफोनच्या खुर्चीसाठी मात्र कागदावर 'हिंदू महार' लागायचा. आमच्या घरात दोन भाऊ. थोरल्याच्या दाखल्यावर मास्तरनं 'बौद्ध' लिहिलं होतं, माझ्या दाखल्यावर जुनंच राहिलं होतं. मार्क त्याला जास्त. अर्ज मी केला. तो जिल्हा परिषदेत चिकटला, मी बोर्डावर बसलो. आई म्हणायची, एका आईची दोन लेकरं, सरकारच्या लेखी एक हिंदू आणि एक बौद्ध.

हा चाप सुटला १९९० ला. त्या साली कायदा दुरुस्त झाला आणि नवबौद्ध केंद्रातसुद्धा अनुसूचित जातीत धरले गेले. चौतीस वर्षं लागली. आणि १९९० पर्यंत ऑपरेटरच्या खुर्चीचं काय झालं होतं ते पुढं सांगतो.

खुर्चीवर बसल्यावर काय झालं? दोन गोष्टी सांगतो. ऑपरेटर स्वतःचं नाव सांगत नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, कोण बोलतंय, तर नंबर सांगायचा. बापजाद्यांपासून आडनावावरनं ओळखले जाणारे आम्ही, पहिल्यांदाच नंबरानं ओळखले गेलो. ज्यांच्या अंगणात माझा आजा लांब उभा राहायचा ती माणसं फोनवर मला म्हणायची, 'साहेब, तेवढी पुण्याची लाईन द्या की. लई उपकार होतील.' मसूरचा स्टेशनमास्तर मला दिवसातनं पन्नासदा भेटायचा आणि जात विचारायची त्याला सोय नव्हती.

दुसरी गोष्ट बोर्डाच्या अलीकडची. अलीकडं सगळ्यांना आडनाव माहीत होतं. हेडसेट कानाला आणि तोंडापाशी येतो. एकाची पाळी संपली की दुसरा तोच लावतो. माझ्या नंतरच्या पाळीला येणारा सहकारी स्पिरिटचा बोळा आणायचा आणि घासून घासून पुसायचा. इतरांच्या नंतर पुसताना मी त्याला कधी पाहिलं नाही. तोंडानं एक शब्द बोलला नाही. त्याला आरोग्याची काळजी होती म्हणे. म्हणजे तारेच्या पलीकडं मी साहेब आणि तारेच्या अलीकडं तराळ.

पाटलाच्या सोप्यातला फोन

हे झालं तालुक्याचं. खेड्यात फोन कुठं होता? पोस्टात, सोसायटीत, साखर कारखान्यावर आणि पाटलाच्या सोप्यात. मुंबईला आमचे लोक गिरणीत, गोदीत, महापालिकेत कामाला. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतनं गावाकडं निरोप द्यायचा तर नंबर कुणाचा? जिथं फोन तिथला. त्याला पीपी म्हणायचे. ट्रंककॉल लागला की पलीकडचा गिरणी कामगार म्हणायचा, 'जरा आमच्या म्हातारीला बोलवा'. तीन मिनिटं चालू झालेली. सोप्यातला माणूस वस्तीवर गडी धाडणार, मर्जी असली तर. म्हातारी पळत येणार, पायरीच्या खाली उभी राहणार. रिसीव्हर तिच्या हातात द्यायचा का नाही, हा प्रश्न मी बोर्डावर बसून कानानं ऐकलेला आहे. बऱ्याचदा सोप्यातला माणूसच मधे बोलायचा. पोरगं काय म्हणतंय ते म्हातारीला सांगायचा, म्हातारी काय म्हणते ते पोराला. पैसे किती पाठवले, दुखणं काय आहे, पोरीचं लग्न कुठं ठरलं, सगळं वाड्याला कळायचं. आणि वाड्याचं वस्तीला काही कळायचं नाही.

एकेकाळी वाड्याचे निरोप वस्ती वाहायची. आता वस्तीचा निरोप वाड्यातनं जायचा. तरीसुद्धा खालच्या पायरीवर उभं राहायचं ते आम्हीच.

मधल्या माणसाच्या हातात काय ताकद असते हे ज्यांना भोगावं लागलं त्यांनी यंत्र शोधलं. अमेरिकेतल्या स्ट्रोजरची गोष्ट सांगतात. त्याचा धंदा मयतीच्या सामानाचा. गावातल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजवर होती आणि गिऱ्हाइकांचे फोन ती नवऱ्याकडं वळवायची, असा त्याला संशय. त्या रागातनं त्यानं माणसावाचून चालणारं एक्स्चेंज काढलं आणि १८९१ ला पेटंट घेतलं. माझ्या मते वस्तीवरच्या कुठल्याही म्हातारीला त्याचा राग समजला असता.

खुर्ची गेली

वतन गेलं १९५९ ला. दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर १९६० ला, लखनौ-कानपूरच्या मधे देशातली पहिली एसटीडी सुरू झाली. म्हणजे ऑपरेटरवाचून बाहेरगावी फोन. सातारा-सांगलीच्या खेड्यांत ती यायला पुष्कळ वर्षं गेली. १९८४ ला सी-डॉट संस्था निघाली, तिनं लहान गावाला परवडतील अशी, धूळ-उन्हात टिकणारी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज काढली. नव्वदच्या आसपास चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ दिसू लागले. वस्तीवरची म्हातारी वाड्याच्या पायरीवर जायची थांबली, बूथवर पैसे टाकून स्वतःच्या कानानं स्वतःच्या पोराशी बोलू लागली. हे मी डोळ्यानं पाहिलं आणि मला आनंद झाला. यंत्राला शिव्या देणारा मी नाही.

पण हिशोब पुरा करू. १९९० ला बौद्धांना केंद्राच्या नोकरीचं दार उघडलं, तेव्हा आत ऑपरेटरच्या नव्या भरतीला अर्थ राहिला नव्हता. आमच्या एक्स्चेंजचा बोर्ड निघाला, आम्हाला दुसऱ्या कामांवर वळवलं. २००० ला खात्याची कंपनी झाली, बीएसएनएल. १५ जुलै २०१३ ला तार बंद झाली. जानेवारी २०२० ला बीएसएनएलचे ७८ हजारांवर कर्मचारी एका फटक्यात स्वेच्छानिवृत्त झाले. आता मोबाईलचा धंदा बहुतांशी खाजगी कंपन्यांचा. खाजगीत आरक्षण नाही. फुकटचं होतं तेव्हा शंभर टक्के आमचं. पगाराचं झालं तेव्हा १५ टक्क्यांचा लढा, त्यातही बौद्धाला बंदी. बंदी उठली तेव्हा खुर्चीच उचललेली. हा योगायोग आहे असं ज्याला म्हणायचं त्यानं म्हणावं.

मधे कोण बसलंय?

तुम्ही म्हणाल, आता मधे कुणी नाही, आम्ही थेट बोलतो. दोस्तांनो, मधे कुणीतरी असतंच. ऑपरेटर गेला, पण तिथं आता कंपनी आहे आणि कंपनीच्या मागं सरकार आहे. १८८५ च्या तार कायद्यात निरोप फोडणाऱ्या नोकराला शिक्षा होती आणि सरकारला मात्र निरोप अडवायची, ऐकायची मुभा होती. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा आला, मुभा कायम आहे. फरक एवढाच, की आमच्या काळात ऐकणाऱ्याचा श्वास तारेवर कळायचा.

आणि विटाळाचं म्हणाल तर तो यंत्रानं जात नाही. मे २०१५ ला शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका दलित तरुणाला मारून टाकलं. फोन त्याचा, खिसा त्याचा, घंटा त्याची. तारेतल्या आवाजाला जात नसते म्हणून आम्ही खूश होतो. आता घंटेलाच जात चिकटली.

बाबासाहेबांनी हे १९२० सालीच ओळखलं होतं. दुसऱ्याच्या हातनं आपला निरोप पोचत नाही. म्हणून ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. हे आपलं सायक्लोस्टाईलचं अंकसुद्धा त्याच वाटेवरचं. शाई हाताला लागते, अक्षर पुसट येतं, पण मधे कुणी बसलेलं नाही.

एक काम सांगून थांबतो. सातारा-सांगलीच्या वस्त्यांत तराळकी केलेले अगदी थोडे म्हातारे उरलेत. बोर्डावर बसलेले आमच्यासारखे आहेत, तेही सत्तरीकडं चाललेत. टेलिफोन खात्याच्या इतिहासात आमचं पान नाही आणि गावच्या इतिहासात त्यांचं नाही. वही-पेन घेऊन जा, नाही तर तो मोबाईल पुढं धरा आणि बोलू द्या त्यांना. कोणत्या गावाला कोणता सांगावा नेला, किती कोस चालले, भाकरी कुठनं टाकली, बोर्डावर काय ऐकलं आणि हेडसेट कुणी पुसला. नावं, गावं, सालं नीट लिहून घ्या. ते गेले की त्यांचा सांगावा आणायला दुसरं कुणी येणार नाही.

जयभीम.